जुन्या मोटारीचे इंजिन ऑईल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अहेरीहून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. आलापल्ली, भामरागड, सिरोंचा या वाटांवर अरण्य दाट आणि गॅरेजे विरळ. अशा मुलखात जुनी जीप वा मारुती बाळगणाऱ्याला ऑईलचा हिशेब काटेकोर ठेवावाच लागतो. आणि तरीही या बाबतीत रूढ असलेल्या काही समजुतींपायी पैशाचा अपव्यय होतो व इंजिनही जायबंदी होते.

गैरसमज: गाडी ऑईल खाऊ लागली की बोअरिंगवाचून गत्यंतर नाही.

वस्तुस्थिती: अल्प प्रमाणात ऑईल प्रत्येक इंजिनात जळतेच, काही निर्माते तर हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप ग्राह्य धरतात. खप वाढला असता प्रथम टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ऑईल फिल्टर आणि क्रँकचे ऑईल सील येथील गळती पाहावी, तुंबलेला ब्रीदर पाइप साफ करावा, आणि मग धुराची साक्ष काढावी. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळ्या धुराचा लोट येऊन विरला, तर बहुधा व्हॉल्व्ह सील कडक झालेली असतात, आणि ती बदलणे बोअरिंगच्या मानाने अल्प खर्चाचे काम आहे. चढावर जोर लावताना निळा धूर अखंड येत राहिला, तर संशय पिस्टनच्या रिंगांवर जातो. पेट्रोल इंजिनात कम्प्रेशन मोजून, सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल घालून ते पुन्हा मोजावे. दाब स्पष्टपणे वाढला, तर रिंगांची झीज सिद्ध झाली असे मानून मगच इंजिन उघडावे.

गैरसमज: ऑईल जितके दाट, तितका खप कमी.

वस्तुस्थिती: १५डब्ल्यू-४० या संज्ञेतील पहिला अंक थंडीतील वर्तन दर्शवितो, दुसरा शंभर अंश तापमानावरील दाटपणा. गाडीच्या पुस्तिकेने उष्ण प्रदेशासाठी अधिक दाट ऑईल, उदाहरणार्थ २०डब्ल्यू-५०, मान्य केले असेल, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात ते अवश्य वापरावे. पण त्या मर्यादेपलीकडे गेल्यास इंजिन सुरू होताना ऑईल वरच्या भागांपर्यंत विलंबाने पोहोचते आणि झीज उलट वाढते.

गैरसमज: लांबच्या प्रवासासाठी खुणेच्या वर भरलेले बरे.

वस्तुस्थिती: जादा ऑईल क्रँकच्या फेऱ्यांनी घुसळले जाऊन फेसाळते, ब्रीदरवाटे इंजिनात ओढले जाते व जळते, म्हणजे खप वाढतोच. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी आणि पातळी दोन खुणांच्या आत राखावी.

गैरसमज: एअर फिल्टरचा ऑईलशी संबंध नाही.

वस्तुस्थिती: जंगलातील कच्च्या रस्त्यांची धूळ फाटक्या वा सैल बसलेल्या फिल्टरमधून आत शिरली, की रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासून काढते, आणि तेथूनच ऑईल जळण्याचा आरंभ होतो. धुळीच्या मोसमात फिल्टर वारंवार तपासणे हाच यावरचा स्वस्त उपाय.

डॅशबोर्डवरील लाल दिवा ऑईलचा दाब घटल्याचे सांगतो, पातळीचे नव्हे. तो लागेपर्यंत थांबणे घातक आहे. तस्मात, किती किलोमीटरला किती ऑईल घातले याचा तपशील वहीत तारीखवार नोंदवावा, आणि मिस्त्रीपुढे गाडी नेताना ती वहीही न्यावी.