तारामाशांचे जीवाश्म

तारामाशांचे जीवाश्म म्हणजे प्राचीन सागरतळावर राहणाऱ्या तारामाशांचे खडकात टिकून राहिलेले अवशेष होत. तारामासा हा मासा नसून कंटकचर्मी संघातील अपृष्ठवंशी प्राणी आहे. त्याचा सांगाडा एकसंध नसतो. कॅल्साइटाचे असंख्य लहान तुकडे मऊ ऊतकांनी एकमेकांस बांधलेले असतात. मृत्यूनंतर ही ऊतके कुजतात आणि काही दिवसांतच सांगाडा विखुरतो. त्यामुळे खडकांत सुटे तुकडे आढळले, तरी अखंड तारामासा दुर्मीळ असतो.

ओळख

तारामाशाच्या भुजा बुडाशी रुंद असून मध्यवर्ती तबकडीत मिसळून जातात. खालच्या बाजूस मध्यभागी मुख असते. तेथून प्रत्येक भुजेच्या टोकापर्यंत एक खोबण जाते. जिवंतपणी तिच्यात नलिकापाद असतात. याउलट भंगुरताऱ्याची तबकडी लहान, गोल व स्पष्टपणे वेगळी असते आणि भुजा सडपातळ, नागमोडी असतात.

सी-अर्चिन या प्राण्याच्या कवचावर पाच पाकळ्यांची आकृती असते. नर्मदेच्या खोऱ्यातील बाघ थरांत असे जीवाश्म सापडतात. तारा फुगीर, बंद कवचावर उमटलेला असेल, तर तो तारामासा नव्हे. भुजांची संख्याही निर्णायक नाही. फर्डिनंड रोमर यांनी १८६३ मध्ये वर्णिलेल्या हेलिआन्थास्टर या प्राण्याला पाचांहून पुष्कळ अधिक भुजा आहेत.

जतन

हेलिआन्थास्टरचे जीवाश्म जर्मनीतील हुन्सर्युक प्रदेशात, बुंडेनबाख गावाच्या परिसरात मिळतात. तेथील पाटीचा दगड छपरांसाठी खणला जात असे. हा दगड सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या, डेव्होनियन कल्पातील सागरी चिखलापासून बनला. चिखलाच्या लोंढ्याखाली प्राणी अकस्मात गाडले गेल्याने त्यांचे सांगाडे विखुरले नाहीत. प्राणवायूविरहित चिखलात जीवाणूंनी हायड्रोजन सल्फाइड निर्माण केले. चिखलातील लोहाशी त्याचा संयोग होऊन पायराइट हे खनिज तयार झाले. त्याने सांगाड्याचे, क्वचित मऊ अवयवांचेही, रूप टिकवले.

क्ष-किरण परीक्षण

पायराइट क्ष-किरणांना दगडापेक्षा अधिक अडवते. त्यामुळे दगड न फोडता आतील प्राण्याचे चित्र मिळते. विल्हेल्म श्ट्युर्मर यांनी विसाव्या शतकात या पद्धतीने हुन्सर्युकच्या जीवाश्मांचा विस्तृत अभ्यास केला. नमुना घाईने खरवडल्यास नाजूक तुकडे निघून जातात आणि ओळखीच्या खुणा कायमच्या नष्ट होतात. म्हणून अशा जीवाश्मांसाठी हे परीक्षण विशेष महत्त्वाचे ठरते.