मालिकेतील मधला खंड वाचताना

दीर्घ अद्भुतकादंबरी-मालिकेचा मधला खंड वाचताना ‘पुढे काही घडतच नाही’ अशी तक्रार आपण करतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचा चौथा खंड ‘अ फीस्ट फॉर क्रोज’ (२००५) पाहा. मजकूर फार वाढल्याने लेखकाने तो कालक्रमाने न तोडता पात्रांनुसार विभागला. टिरियन, जॉन व डेनेरिस यांची प्रकरणे थेट २०११ च्या पाचव्या खंडात गेली. आवडती पात्रेच नाहीत म्हटल्यावर पुस्तक मिटण्याचा मोह होतो (वाचकाचा रुसवा अगदीच अकारण नाही!).

तथापि शीर्षकांकडे लक्ष द्या. प्रकरणाला पात्राचे नाव देण्याचा या मालिकेचा संकेत येथे मोडतो. सान्साचे पहिले प्रकरण ‘सान्सा’, पुढील दोन मात्र ‘अलेन’. हे तिने लपण्यासाठी घेतलेले नाव. विशेष म्हणजे तिथे तृतीयपुरुषी निवेदनही तिला अलेनच म्हणते. टोपणनाव संवादातून निवेदनात शिरते, तेव्हा मूळ व्यक्ती कितपत उरली, हा प्रश्न उभा राहतो. युद्ध व मृत्यू यांनाच घटना मानणाऱ्या वाचकाच्या हातून ही घटना निसटते. आर्याची प्रकरणशीर्षके क्रमाने वहीत उतरवा आणि तिचे नाव कोठे सुटते, तेथे खूण करा.