दुःस्वप्नावरचा उतारा

दुःस्वप्न हा विषय व्याख्यानाला घेतला की श्रोत्यांची पहिली अपेक्षा असते ती फलिताची. साप दिसला तर काय, दात पडले तर काय! त्या बाबतीत मी आपली निराशा करणार आहे. स्वप्नांचे अर्थ लावण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे, आणि व्हिएन्नाच्या फ्रॉइडसाहेबांनी तिला नवा पोशाख चढविला. परंतु ज्याला दर दोन-तीन रात्रींनी तेच भयंकर स्वप्न पडते, त्याला अर्थ नको असतो, झोप हवी असते. हा माणूस अंथरुणाला पाठ टेकायला भितो, दिवा लावून जागत बसतो. पहाटे कधीतरी डोळा लागतो आणि नेमके तेव्हाच स्वप्न त्याला गाठते.

नेमके तेव्हाच का? १९५३ साली शिकागो विद्यापीठातील अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी असे दाखवून दिले, की झोपलेल्या माणसाची बुबुळे ठरावीक अंतराने पापण्यांआड भराभर हलू लागतात, आणि त्या वेळी त्याला उठविले तर तो बहुधा स्वप्न सांगतो. ही स्वप्ननिद्रा सुमारे दर दीड तासाने येते. आरंभी ती थोड्या मिनिटांची असते, पहाटेकडे लांबत जाते. जागरणाने ती बुडाली तर पुढे अधिक जोराने वसूल होते. म्हणजे स्वप्नाच्या भीतीने जागणे हे स्वप्नालाच खतपाणी घालणे होय.

या निद्रेत हातपाय लुळे पडलेले असतात, ही निसर्गाची कृपाच. नाहीतर स्वप्नातल्या वाघापुढे पळताना आपण भिंतीवर आपटलो असतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. मग डोळे उघडे असूनही हलता येत नाही, छातीवर कोणी बसले आहे असे वाटते. याचे खापर भुताच्या माथी फोडतात. या गुन्ह्यापुरते तरी भूत निर्दोष आहे. लहान मूल पहिल्या झोपेत किंचाळते, आईलाही ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, ते मात्र दुःस्वप्न नव्हे. ते गाढ झोपेतले घाबरणे. त्याला हलवून जागे करू नये. बहुधा वयाबरोबर ते जाते.

आता उताऱ्याकडे वळू. अमेरिकेत न्यू मेक्सिको येथे बॅरी क्राको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांना घेऊन केलेला प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना तीन बैठकांत एक युक्ती शिकविली, बाकीच्यांना तूर्त थांबविले. शिकलेल्यांची दुःस्वप्ने पुष्कळ कमी झाली आणि झोप सुधारली. युक्ती अशी. पुण्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर बालपणी पाहिलेली माणसे आजही आहेत. त्यांपैकी एखाद्याला पाणी जिना चढत येत असल्याचे स्वप्न वारंवार पडते असे समजा. त्याने दिवसाउजेडी ते कागदावर उतरावे आणि मनाला येईल तसे बदलावे: पाणी तिसऱ्या पायरीवर थांबले, ओसरले, मुले त्यात कागदी होड्या सोडू लागली. हे नवे स्वप्न रोज दहा-वीस मिनिटे डोळ्यांपुढे आणावे. जुने घोकू नये. आरंभ सर्वांत भयंकर स्वप्नापासून करू नये. आणि आघात मोठा असेल तर जाणत्या मानसोपचारतज्ज्ञाला सोबत घ्यावे.

कोणी म्हणेल, ही आत्मवंचना झाली. मला तसे वाटत नाही. पूर आला होता हे कोणी खोडीत नाही. परंतु दर रात्री फिरून येणारे स्वप्न म्हणजे घटनेचा दस्तऐवज नव्हे. ती मेंदूला जडलेली सवय आहे, आणि सवय मोडण्यास सराव लागतो.

दारूने झोप लागते हे खरे, पण ती पूर्वरात्री स्वप्ने दाबते आणि उत्तररात्री ती उसळून येतात. प्रोप्रॅनोलॉलसारखी काही औषधेही भयंकर स्वप्ने पाडतात. ती आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. उतारवयातला माणूस झोपेत खरोखरच लाथा-बुक्क्या मारू लागला, तर लुळेपणाची ती व्यवस्थाच बिघडलेली असू शकते. १९८६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा येथे या विकाराचे वर्णन झाले; पुष्कळदा तो कंपवाताच्या आधी येतो. तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे, आणि तोवर उशाजवळचा काचेचा पेला उचलून अंथरूण जमिनीवर घालावे.