रुळांची लिपी (भाग ९) : खडीची वाघीण वाचताना

गेल्या आठवड्यात रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये रुळांवर काय काय चालतं ते पाहिलं. लोकल बंद म्हणून आपण चिडलेलो असतो, आणि शेजारच्या मार्गावर एक धुळकट मालगाडी निवांत उभी दिसते. तिच्या अंगावरची अक्षरं वाचणं हा आजचा विषय.

वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, अक्षरं गिरवायला ट्रॉम्बेसारखी शाळा नाही. कुर्ल्याहून तिकडे जाणाऱ्या मालवाहू शाखेवर माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या टाक्या येतात, आरसीएफचं खत भरून जातं. टाकीवर ‘बीटीपीएन’ लिहिलेलं असतं : बी म्हणजे बोगी, टी म्हणजे टँक, पी म्हणजे पेट्रोलियम. शेवटचा एन हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा. जुन्या वाघिणींचे ब्रेक निर्वात पद्धतीचे होते. ‘धक्का देऊन शंटिंग करू नये’ अशी ताकीदही टाकीवर रंगवलेली असते. आत काय आहे हे ठाऊक असल्यावर तिचं कारण वेगळं सांगायला नको.

खडीच्या वाघिणीवर ‘बीओबीवायएन’ असतं. बोगी, वरून उघडी, तळातून रिकामी होणारी. तिची गंमत पोटात आहे. झडपा रुळांच्या मध्येही उघडतात आणि दोन्ही बाजूंनाही, त्यामुळे खडी हवी तिथेच पडते. वीजकेंद्रांना कोळसा नेणाऱ्या ‘बीओबीआरएन’च्या झडपा दाबाखालच्या हवेने उघडतात आणि डबा बघता बघता रिकामा होतो. खडीला ती घाई परवडत नाही. गाडी मुंगीच्या पावलाने सरकत असताना माणसं हातांनी झडपा कमी-जास्त करतात. एका जागी ढीग झाला तर तो उपसायला पुन्हा ट्रॅकमनच.

आता आकडे. वाघिणीचा क्रमांक अकरा अंकी असतो. समजा, ७००१०९१२३४१. पहिले दोन अंक जात सांगतात : चाळिशीतले टाकीचे, सत्तरीतले हॉपरचे. पुढचे ०१ म्हणजे मालक मध्य रेल्वे. पश्चिम रेल्वे असती तर ०८. ०९ हे बांधणीचं वर्ष, २००९. १२३४ हा तिचा स्वतःचा क्रमांक. शेवटचा १ मात्र पहारेकरी आहे. पहिल्या दहा अंकांतल्या सम स्थानांवरच्यांची बेरीज १६, तिची तिप्पट ४८, विषम स्थानांची बेरीज ११, एकूण ५९. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे ६० ला, एक कमी, म्हणून शेवटी १. नोंदणाऱ्याने घाईत एखादा अंक चुकवला की हिशेब जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

क्रमांकाखेरीज रिकाम्या वाघिणीचं वजन, भारक्षमता, मोठी दुरुस्ती कुठल्या कारखान्यात आणि कधी झाली, पुन्हा कधी करायची, हे सगळं पांढऱ्या रंगात असतं. दोष निघाला की वाघीण ‘सिक’ होते, तसं लेबल लागतं आणि ती गाडीतून वेगळी निघते.

माझ्या मते सगळ्यांत बोलकी खूण असते ती ही वाघीण रेल्वेच्याच अभियांत्रिकी खात्याच्या कामाची असल्याची. भाडं कमावणारी वाघीण आज ट्रॉम्बेला, तर चार दिवसांनी देशाच्या दुसऱ्या टोकाला. तिचा प्रत्येक तास मोजला जातो. अभियांत्रिकी खात्याला मात्र ब्लॉक मिळेपर्यंत खडी भरून थांबावं लागतं, आणि ब्लॉक रद्द झाला तर आणखी थांबावं लागतं. वाहतूकवाल्यांना वाघीण पळती हवी, रूळवाल्यांना हाताशी. दोघांचंही म्हणणं बरोबर, म्हणून वाटणी आधीच वाघिणीवर रंगवून ठेवलेली बरी. अशा वाघिणींची गाडी ती ‘डीएमटी’, म्हणजे खात्याच्याच सामानाची गाडी. तिच्यातून मिळकत शून्य, पण ती नसेल तर बाकीच्यांची मिळकतही फार दिवस टिकायची नाही.

याच कुटुंबातली ‘बीआरएन’ ही सपाट वाघीण मुळात रूळ वाहण्यासाठी. मुंबईत मात्र पावसाळ्यापूर्वी तिच्या वाट्याला वेगळंच काम येतं. रुळांकडेच्या नाल्यांतला गाळ आणि कचरा उपसला की तो ‘मक स्पेशल’मधून बाहेर न्यावा लागतो, आणि त्या गाडीला याच वाघिणी जोडतात. बाजू उघड्या असल्यामुळे जेसीबीला भरणंही सोपं आणि ओतणंही.

पुढच्या भागात : खडी चाळून परत रुळाखाली घालणारी यंत्रं.