वरच्या वर्गांतील मुले व चेहऱ्यावरील मुरूम

सहावी-सातवीच्या वर्गातील एखादा चुणचुणीत मुलगा अचानक फळ्यापाशी येण्याचे टाळू लागतो. एखादी मुलगी गालावर हात ठेवूनच उत्तर देते. अभ्यास झालेला नाही, हेच त्याचे कारण असेल असे नव्हे. पुष्कळदा ते चेहऱ्यावर उठलेल्या मुरमांत आणि त्यांवरून झालेल्या चेष्टेत असते. म्हणून शिक्षकांनी हा विषय क्षुल्लक मानू नये.

मुरूम ही काही आजकालची व्याधी नव्हे. सुश्रुतसंहितेत तिला ‘मुखदूषिका’ म्हटले असून, तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या या पुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. ज्या मुलांनी सावरीचे काटेरी खोड पाहिले आहे, त्यांना ती चटकन पटेल.

वयात येताना शरीरातील संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्रवू लागतात. केसाच्या मुळाशी असलेले छिद्र या तेलाने व मृत पेशींनी बुजते, आत जंतू वाढतात आणि तेथे सूज येते. मुरूम अस्वच्छतेमुळे किंवा वाईट विचारांमुळे येत नाहीत, आणि एकाचे दुसऱ्यास लागतही नाहीत. रात्री फार खाजणारे, बोटांच्या बेचक्यांत उठणारे पुरळ मात्र बहुधा खरजेचे असते. ते निराळे ओळखावे.

मुलांना पुढील गोष्टी सांगाव्यात :

१. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुवावा, घासू नये. बदलापूरच्या दमट हवेत घाम फार येतो, तो स्वच्छ कपड्याने टिपावा.

२. डोक्याचे तेल कपाळावर ओघळू देऊ नये.

३. मुरूम फोडू नयेत. काळे डाग व खड्डे राहतात. लिंबू, सोडा अथवा दंतमंजन लावू नये.

४. एखादा पदार्थ सोडल्याने मुरूम हमखास जातात असे नाही. घरचे साधे जेवण तोडू नये.

सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. ‘गोरे करणारे’ अथवा ‘डाग घालविणारे’ म्हणून शेजाऱ्याने दिलेले मलम मुले सर्रास लावतात. त्यात पुष्कळदा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे स्टेरॉइड असते. प्रथम चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पुढे त्वचा पातळ व लाल होते, नको तेथे केस उगवतात, आणि मलम थांबविताच मुरूम दुप्पट जोराने उठतात. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असे केंद्र शासनाने २०१८ साली ठरविले आहे. नळीवरील नावे वाचून पाहण्यास मुलांना अवश्य शिकवावे.

योग्य औषधे उपलब्ध आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइडसारखे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने लावल्यास गुण येतो. मात्र दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. त्याने कपड्यांचा रंग उडतो, हेही सांगून ठेवावे. गाठी मोठ्या व दुखऱ्या असल्यास किंवा वण पडू लागल्यास विलंब करू नये. पालकांस प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि गरज पडल्यास उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात जाण्यास सुचवावे.

हे सर्व वर्गात सांगताना कोणाही मुलाकडे बोट दाखवू नये. त्वचेच्या पाठातच हा विषय घ्यावा, चिडविण्याची नावे तेथल्या तेथे बंद करावीत आणि ज्यास आवश्यक त्याच्याशी एकांतात बोलावे. एवढे केले तरी ते मूल पुन्हा फळ्यापाशी येऊ लागेल.