मोडेमचे दोन वेग : लिनक्स सर्व्हरवर नेमका कोणता ठरवायचा?

शाळेच्या संगणक कक्षात जुना मोडेम धूळ खात पडला असेल तर तो भंगारात देऊ नका. लिनक्सचा संगणक, सिरियल पोर्टला जोडलेला मोडेम आणि तांब्याच्या तारेची साधी फोन लाईन एवढ्यावर डायल-इन सर्व्हर तयार होतो. म्हणजे बाहेरून फोन आला की तो उचलून पलीकडच्या संगणकाला आत घेणारा संगणक. 'डेटाचा वेग' शिकवायला तो फार चांगला, कारण इथे एक नाही, दोन वेग असतात. गोंधळही तिथेच होतो.

पहिला वेग मोडेम ते मोडेम, फोनच्या तारेवरचा. तो आपण ठरवत नाही. कनेक्ट होताना जो कर्कश आवाज येतो ना, त्यातच दोन्ही मोडेम लाईन तपासून तो आपसात ठरवतात. दुसरा वेग संगणक ते मोडेम, केबलमधला. लिनक्समध्ये आपण ठरवतो तो हा.

दोन्हीकडे साधी लाईन असेल तर तारेवर सेकंदाला जास्तीत जास्त 33,600 बिट. खोक्यावर 56 के छापलेलं असलं तरी! तो वेग मिळायला सर्व्हरकडची जोडणी एक्स्चेंजपर्यंत डिजिटल लागते.

मग केबललाही तेवढाच वेग द्यायचा का? नाही. मोडेम डेटा दाबून लहान करतो आणि मग पाठवतो. त्यामुळे केबलने त्याला तारेपेक्षा जास्त वेगाने डेटा पुरवायला हवा. म्हणून 1,15,200 ठेवायचा आणि तो बदलू द्यायचा नाही. फोन उचलणाऱ्या 'एमगेटी' प्रोग्रॅमच्या सेटिंग फाईलमध्ये 'स्पीड' या शब्दापुढे हा आकडा स्वल्पविराम न देता लिहिला की झालं. जुन्या पुस्तकांत 2400, 1200 अशी उतरती यादी दिसेल. ती फार जुन्या मोडेमसाठी, त्यांच्या केबलचा वेग तारेबरोबर बदलायचा.

पण डेटा भराभर येणार आणि सावकाश जाणार, मग सांडणार नाही का? गच्चीवरची टाकी आठवा. मोटर जोरात, नळ बारीक. टाकी भरत आली की कोणीतरी 'मोटर बंद करा' ओरडावं लागतं. मोडेममधली टाकी म्हणजे बफर आणि हे ओरडणं म्हणजे हार्डवेअर फ्लो कंट्रोल. तो चालू नसेल तर अक्षरं गळतात, आणि आपण फोन लाईनला दोष देत बसतो. केबलमध्ये त्यासाठी आरटीएस आणि सीटीएस अशा वेगळ्या तारा असतात, त्यामुळे तीन तारांची केबल इथे चालत नाही.

आता मुलांची वही. मोडेम 'कनेक्ट 115200' दाखवतो आणि मुलं तेच उतरवतात. हा आकडा केबलचा! तारेचा आकडा दाखवायची आज्ञा मोडेमगणिक वेगळी असते, त्याची पुस्तिका बघा. नाहीतर घड्याळ लावा. 4,20,000 बाईटची झिप फाईल (आधीच दाबलेली, म्हणजे आणखी लहान होणार नाही) सर्व्हरवरून उतरवून घ्या. केबलवर एका बाईटला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून 10 बिट लागतात, म्हणजे साधारण 36 सेकंद. तारेवर चुका दुरुस्त करणारी पद्धत ते दोन बिट काढून टाकते, उरले 8, म्हणजे 33,600 ला 100 सेकंद. घड्याळ शंभरच्या पुढेच जातं, आणि लाईन खराब असेल तर बरंच पुढे.