ब्लॅक बुकमधले दुसरे प्रकरण: लिटरेचर सर्व्हे लिहायचा तरी कसा?

जुलै उजाडला की मुंबई विद्यापीठाच्या कॉम्प्युटर आणि आयटी शाखेच्या शेवटच्या वर्षाला मेजर प्रोजेक्टची धावपळ सुरू होते. शहापूर तालुक्यात आसनगाव, सापगाव इथे इंजिनिअरिंग कॉलेजे आहेत. मुरबाड, सरळगाव, टोकावड्याकडची मुले-मुली एसटी पकडून कल्याण, उल्हासनगर, बदलापूर गाठतात. आपल्या समाजातल्या अनेक घरांत इंजिनिअरिंगपर्यंत पोचलेली ही पहिलीच पिढी आहे. फी भरली, लॅपटॉप हप्त्यावर घेतला, आता सगळे सुरळीत होईल असे अम्मी-अब्बांना वाटत असते. आणि पहिल्याच प्रेझेंटेशनला गाईड विचारतात, "लिटरेचर सर्व्हे कुठाय?"

इथेच बरीच मुले गडबडतात. कारण हा प्रकार शाळेत कधी शिकवलेला नसतो, कॉलेजातही "वीस पेपर वाचून लिहून आणा" एवढेच सांगितले जाते. मग सीनियरची जुनी ब्लॅक बुक मागवायची, त्यातले दुसरे प्रकरण उचलायचे आणि नावे बदलायची. काही जण तर रेडिमेड प्रोजेक्टच विकत घेतात. हजारो रुपये जातात आणि व्हायवाला एक्स्टर्नलने एक प्रश्न विचारला की तोंडातून शब्द फुटत नाही. नोकरीच्या मुलाखतीतही पहिला प्रश्न प्रोजेक्टवरच येतो, तेव्हा हे प्रकरण नुसते मार्कांपुरते राहत नाही.

लिटरेचर सर्व्हे म्हणजे काय, हे साध्या भाषेत सांगायचे तर असे: आपण जो प्रश्न हातात घेतलाय त्यावर आधी कुणी काय केले, त्यांना किती जमले, कुठे अडले, आणि म्हणून आपण काय करणार. यातला शेवटचा भाग नसेल तर वीस काय, पन्नास पेपरांचे सारांश लिहिले तरी तो सर्व्हे होत नाही. ती नुसती यादी.

सनद आणि मतन

आपल्या घरांतल्या मुलांना ही गोष्ट समजावणे तसे सोपे आहे. मदरशात किंवा मशिदीच्या मकतबमध्ये बसलेल्या कुणालाही माहीत असते की हदीसचे दोन भाग असतात. मतन म्हणजे मजकूर आणि सनद म्हणजे तो कुणाकडून कुणाकडे आला याची साखळी. मुहद्दिसांनी एकेका रावीची चौकशी केली. माणूस खरा आहे का, त्याची याददाश्त पक्की आहे का, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटला होता का. या शेवटच्या मुद्द्यावर इमाम बुखारी यांची अट फार कडक होती. दोघे एकाच काळातले आहेत एवढे त्यांना पुरत नसे, भेट झाल्याचे साबित व्हायला हवे. इमाम मुस्लिम यांनी इथे थोडी सवलत ठेवली.

हदीसचा दर्जा आणि शोधनिबंधाचा दर्जा एक नव्हे, हे वेगळे सांगायला नको. आम्ही फक्त पद्धतीबद्दल बोलतोय. संशोधनातला संदर्भ म्हणजे एक प्रकारची सनदच. "अमुक पद्धतीने अचूकता वाढते" असे लिहिले की कुणी, कधी, कोणत्या डेटावर हे दाखवले ते सांगावे लागते.

हदीसच्या शास्त्रात तदलीस नावाचा एक दोष आहे. मधला रावी लपवायचा आणि वरच्या मोठ्या नावाकडूनच ऐकल्यासारखे दाखवायचे. आमच्या मते विद्यार्थ्यांच्या सर्व्हेतला सगळ्यात मोठा रोग हाच. मूळ पेपर उघडलेलाच नसतो. दुसऱ्या कुणाच्या पेपरातली दोन वाक्ये वाचलेली असतात, आणि संदर्भ मात्र थेट मूळ पेपराचा लावलेला असतो. मधल्याने चूक केली असेल तर ती तशीच पुढे जाते. म्हणून नियम असा ठेवावा: जो पेपर स्वतः उघडून पाहिला नाही तो यादीत घालायचा नाही. मूळ मिळालाच नाही तर "अमुक यांनी उद्धृत केल्यानुसार" असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा नाही.

पुण्यातले एक उदाहरण

नुसता उपदेश करण्यापेक्षा एक खरे काम पाहू. २०२१ साली पुण्यातल्या एलथ्रीक्यूब या गटाने 'महासेंट' नावाचा डेटासेट प्रसिद्ध केला. मार्गदर्शक रविराज जोशी आणि सोबत पुण्याच्या इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. मराठीतील सुमारे १६,००० ट्वीट त्यांनी गोळा केली आणि प्रत्येकावर सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ असा शिक्का मारला. हे का करावे लागले, त्याचे कारण त्यांच्या पेपरच्या सुरुवातीलाच आहे. मराठी ही देशातली तिसऱ्या क्रमांकाची भाषा, पण मजकुरातला भाव ओळखण्याच्या कामात ती मागे, कारण नीट डेटासेटच उपलब्ध नाही. सर्व्हेतून सापडलेली उणीव म्हणतात ती हीच. आधीचे काम पाहिले, जागा रिकामी दिसली, तिथे काम केले.

आता समजा मुरबाडच्या एखाद्या मुलीने ठरवले की आपण मराठी प्रतिक्रियांमधला राग-लोभ ओळखणारे सॉफ्टवेअर करू. ती महासेंट वाचते. ही ट्वीट महाराष्ट्रातल्या नामवंत व्यक्तींच्या खात्यांवरची आहेत, हे तिच्या लक्षात येते. ती लिहिते, "फक्त नामवंतांचीच ट्वीट घेतली आहेत, इतर मजकुरावर काम झालेले नाही." थांबा. २०२३ मध्ये त्याच गटाने महासेंटची पुढची आवृत्ती काढली. त्यात सिनेमाची परीक्षणे, सामान्य ट्वीट, टीव्ही मालिकांची सबटायटल्स आणि राजकीय ट्वीट असे चार प्रकार आहेत, एकूण सुमारे ६०,००० नमुने. म्हणजे ही जागा भरलेली आहे.

बरे, मग ती म्हणते, "आपली मुले मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, त्यावर कुणी काम केलेले नाही." तेही २०२३ मध्येच झालेय. 'माय बोली' या नावाने मराठी-इंग्रजी मिश्र मजकुरावरचे काम आहे, त्यात एक कोटी वाक्यांचा संग्रह आहे. ही जागाही गेली.

इथे पोरगी निराश होईल, पण खरे तर तिचा सर्व्हे आता कुठे सुरू झालाय. पुढचा प्रश्न जवळचा आहे. किन्हवलीच्या बाजारात बोलली जाते ती आगरी-कुणबी वळणाची मराठी, आणि आपल्या कोकणी मुस्लिम घरांतली उर्दू शब्द मिसळलेली बोली, यांचे वाक्य या मॉडेलना दिले तर काय होते? हा प्रश्न घेण्याआधीही शोध घ्यावा लागेल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठी बोलींचे सर्वेक्षण केले आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या 'रेस्पिन' प्रकल्पात नऊ भारतीय भाषांच्या बोलींचे आवाज गोळा केले, त्यात मराठी आहे. ही दोन्ही कामे बोललेल्या भाषेवरची. मग लिहिलेल्या बोलीचे काय, भाव ओळखण्याचे काय, असे करत करत प्रश्न लहान आणि नेमका होत जातो. शंभर-दोनशे वाक्ये घरातून, शेजारून गोळा करून तयार मॉडेल तपासले तरी बी.ई.च्या पातळीवर ते प्रामाणिक काम ठरेल. "आतापर्यंत कुणीच केले नाही" हे वाक्य मात्र जपून वापरावे. "आम्हाला अमुक ठिकाणी शोधूनही आढळले नाही" असे लिहिणे जास्त सुरक्षित.

पेपर मिळवायचे कुठून?

पैशाचा प्रश्न इथे येतो. आयट्रिपलईचे पेपर उघडायला गेले की पैसे मागतात. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स. पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेज त्यात आपोआप येत नाही, आणि आपल्या भागातली बहुतेक मुले तिथेच शिकतात. तेव्हा आधी कॉलेजच्या लायब्ररीत कोणते सबस्क्रिप्शन आहे ते विचारून घ्यावे.

तरी फुकट आणि कायदेशीर वाटा पुष्कळ आहेत. गूगल स्कॉलरवर पेपरच्या खाली 'सर्व आवृत्त्या' अशी लिंक असते. तिथे लेखकाने स्वतः ठेवलेली पीडीएफ अनेकदा सापडते. अर्काइव्ह हे संकेतस्थळ १९९१ पासून चालू आहे आणि कॉम्प्युटरमधले बरेच पेपर तिथे मोफत मिळतात. तिथला पेपर तज्ज्ञांनी तपासलेला असेलच असे नाही, एवढे ध्यानात ठेवावे. भाषेशी संबंधित विषय असेल तर एसीएल अँथॉलॉजी पूर्ण मोफत आहे. भारतातले पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगावर मिळतात, आणि त्यातले दुसरे प्रकरण वाचले तर सर्व्हे कसा दिसतो ते कळते. काहीच नाही जमले तर लेखकाला ईमेल करावा. पुष्कळ जण पाठवतात.

एक चांगला पेपर हाती लागला की त्याच्या शेवटची यादी पाहायची, म्हणजे मागचे काम कळते. आणि स्कॉलरवर त्याला कुणी कुणी उद्धृत केलेय ते पाहायचे, म्हणजे पुढचे कळते. वरच्या उदाहरणातल्या मुलीला २०२३ चे काम असेच सापडले असते.

वाचण्याची एक सोपी रीत एस. केशव यांनी वॉटर्लू विद्यापीठात असताना २००७ मध्ये दोन पानांत लिहून ठेवली आहे. पेपर तीन फेऱ्यांत वाचायचा. पहिल्या फेरीत पाच-दहा मिनिटे: शीर्षक, सारांश, प्रस्तावना, उपशीर्षके, निष्कर्ष. बहुतेक पेपर इथेच बाजूला पडतात. दुसऱ्या फेरीत तासभर, आकृत्या आणि तक्ते नीट पाहायचे. तिसरी फेरी फक्त आपल्या कामाला अगदी चिकटून असलेल्या दोन-चार पेपरांसाठी. आसनगाव-कल्याण लोकलमध्ये पहिल्या फेरीचे तीन-चार पेपर आरामात होतात, जागा मिळाली तर.

वाचताना वहीत तक्ता करावा. कुणी, कोणत्या साली, कोणता प्रश्न, कोणता डेटा, कोणती पद्धत, निकाल काय, कमतरता काय. लिहिताना तक्त्याच्या ओळी एकामागून एक उतरवू नयेत. "अ यांनी हे केले, ब यांनी ते केले" असे पान पान भरते आणि कळत काहीच नाही. त्याऐवजी मुद्दे पकडावेत. डेटा कुठून आला यावर एक परिच्छेद, पद्धती कशा बदलत गेल्या यावर एक, काय अजून जमत नाही यावर एक. आणि एका पेपरात ९२ टक्के, दुसऱ्यात ८० टक्के अचूकता दिसली म्हणून पहिला चांगला म्हणू नये. पहिल्याने दोनच गटांत विभागणी केली असेल, दुसऱ्याने तीन. डेटाच वेगळा असेल. हा फरक जो विद्यार्थी लिहितो त्याने पेपर वाचलाय, हे एक्स्टर्नलला लगेच कळते.

आता चॅटजीपीटी. इंग्रजी सुधारायला, अवघड परिच्छेद सोपा करून घ्यायला त्याचा उपयोग आहे, आम्ही नाही म्हणत नाही. पण "मला वीस संदर्भ दे" म्हटले की ते अस्तित्वातच नसलेले पेपरही सफाईने देते. लेखकांची नावे खरी वाटतात, जर्नल खरे असते, पेपर मात्र कुठेच नसतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी असेच बनावट खटले कोर्टात सादर केले आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. मुहद्दिसांच्या भाषेत याला मौजू म्हणतात, घडवलेले.

चोरीच्या नियमाबद्दलही गैरसमज आहेत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, १० ते ४० मध्ये सुधारून द्यावे लागते, ४० ते ६० मध्ये एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. हे नियम मास्टर्स आणि संशोधनाच्या प्रबंधांसाठी आहेत. बी.ई.चा प्रोजेक्ट रिपोर्ट त्यातून वगळलेला आहे. तरी कॉलेज स्वतःची मर्यादा लावू शकते, ती गाईडकडून लेखी घ्यावी. एम.ई. करणाऱ्यांना मात्र हे नियम थेट लागू होतात.

शेवटी सावधगिरीचे. प्रोजेक्टवर पेपर छापून देतो, दोन दिवसांत सर्टिफिकेट, असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात. "यूजीसी केअर मान्य" असे आजही लिहिलेले असते. यूजीसीने ती यादीच बंद केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले आहे. पैसे भरण्याआधी त्या जर्नलचे दोन-तीन जुने पेपर उघडून गाईडला दाखवावेत.

घरच्यांना इंग्रजी पेपर कळणार नाही, पण एक गोष्ट करता येते. रात्री जेवताना मुलीला विचारावे, आज काय वाचलेस, त्या लोकांना काय जमले नाही? मराठीत, उर्दूत, जशी बोलता तशा बोलीत तिने दोन मिनिटांत सांगितले, तर व्हायवाची अर्धी तयारी झाली. वाचलेल्या सगळ्या पीडीएफ मोबाइलमध्ये एका फोल्डरात, संदर्भ क्रमांकाचे नाव देऊन ठेवाव्यात. "सात नंबरचा पेपर उघडून दाखवा," असे म्हणणारे एक्स्टर्नल असतात.